ताप कधी आला, रक्त कधी काढलं?

डॉक्टर, नमस्कार. माझं माहेर सांगलीचं, सासर पुण्याचं. लग्नानंतर आम्ही जर्मनीत फ्रायबुर्गला राहतो. यंदा गौरी-गणपतीला माझा नवरा एकटाच पुण्याला गेला आणि तीन आठवडे राहिला. मला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि सहा वर्षांची मुलगी इथेच होतो. तो परत आल्यावर चौथ्या दिवशी त्याला थंडी वाजून ३९.५ ताप भरला. मनगटं, घोटे, बोटांचे सांधे इतके दुखत होते की दात घासायचा ब्रशही धरवेना. इथल्या फॅमिली डॉक्टरांनी कोरोना आणि फ्लूची तपासणी केली, दोन्ही नव्हतं. ‘व्हायरल आहे’ म्हणाले आणि आयबुप्रोफेन दिलं. तापाच्या तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं, तेव्हा मीच भारतातून आल्याचा विषय काढला. मग त्यांनी रक्त घेतलं. डेंगूचं आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख २८ हजार. ‘पूर्वी कधीतरी डेंगू होऊन गेलाय, आत्ता नाही,’ असं सांगून त्यांनी विषय संपवला. पाच दिवसांत ताप उतरला. आता पाच आठवडे झाले, पण सकाळी उठल्यावर त्याची बोटं वळत नाहीत, बरणीचं झाकण उघडत नाही. नणंद म्हणते, पुण्यात त्यांच्या सोसायटीत घरोघरी चिकुनगुन्या आहे. सासूबाई पपईच्या पानांचा रस घ्या म्हणून रोज फोन करतात. नेमकं काय झालं होतं ते आता कळू शकेल का? आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय आणि पुण्यात झिका सापडल्याचं वाचल्यापासून मला झोप नाही. झिकाची तपासणी करून घ्यावी का? तापातही तो संध्याकाळी बाल्कनीत बसायचा आणि इथेही हल्ली डास आहेत. मुलीला काही होणार नाही ना? डिसेंबरात तिघांनी पुण्याला जायचं तिकीट काढलंय.
— एक वाचक, फ्रायबुर्ग

ताई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो: हो, अजूनही कळू शकतं. तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचताना मला डेंगूपेक्षा चिकुनगुन्याच जास्त दिसतो. एकदम चढलेला ताप, हातापायांच्या लहान सांध्यांमध्ये दोन्ही बाजूंनी सारखी दुखणी, दोन-तीन दिवसांनी पुरळ, प्लेटलेट्स थोड्याच उतरलेल्या आणि ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे सकाळचा आखडलेपणा. डेंगूतही अंग मोडून येतं, पण पाच आठवड्यांनी बरणी उघडता येऊ नये असं तो सहसा करत नाही. तुमच्या यजमानांची तपासणी मात्र फक्त डेंगूची झाली, तीही अशा दिवशी की त्या दिवशीच्या त्या उत्तरावरून डेंगू होता किंवा नव्हता, यातलं काहीच ठरत नाही.

चिकुनगुन्याकडे येण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच नाही. मलेरियाची तपासणी झाली का? उष्ण देशातून आलेल्या माणसाला ताप आला की सगळ्यात आधी मलेरिया बघायचा, त्याच दिवशी, बाकी सगळं नंतर. मलेरिया विषाणूचा आजार नाही, पण डासाचाच आहे, आणि त्याचा फॅल्सिपॅरम हा प्रकार काही दिवसांत जीव घेऊ शकतो. औषध मात्र वेळेवर मिळालं तर तो पूर्ण बरा होतो. पहिला नमुना निगेटिव्ह आला म्हणून तिथे थांबत नाहीत, पुढच्या एक-दोन दिवसांत तो पुन्हा बघतात. तुमच्या यजमानांचा ताप आपोआप उतरला आणि परत आला नाही, त्यामुळे आज घाबरण्याचं कारण नाही. पण मलेरियाचा व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार काही महिन्यांनीसुद्धा डोकं वर काढतो. पुढच्या वर्षभरात त्यांना कधीही ताप आला तर भारतात गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि मलेरियाची तपासणी मागून घ्यायची. मागायला संकोच करू नका.

आता त्या रिपोर्टकडे वळू.

परदेशातून आलेल्या माणसाच्या तापात तीन तारखा लागतात: तिथून निघाला कधी, ताप सुरू झाला कधी आणि रक्त काढलं कधी. या तीन तारखा कागदावर नसतील तर जगातल्या सगळ्यात महागड्या लॅबचा रिपोर्टही अर्धवट राहतो. निघालेल्या तारखेवरून कळतं की कोणते आजार शक्य आहेत. डेंगू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही डास चावल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसतात. बहुतेक वेळा तर चार ते सात दिवसांतच. पुणे सोडून तीन आठवडे झाल्यावर पहिला ताप आला असता तर मी या तिघांकडे बघितलंही नसतं. मलेरिया, टायफॉइड, कावीळ यांच्याकडे वळलो असतो. तुमच्या यजमानांना चौथ्या दिवशी ताप आला. म्हणजे हे तिघेही शक्य होते.

ताप सुरू झाल्याची आणि रक्त काढल्याची तारीख मिळून ठरतं की कुठली तपासणी करायची. सुरुवातीच्या पाच-सात दिवसांत विषाणू स्वतः रक्तात फिरत असतो. त्या काळात त्यालाच धरायचं असतं: पीसीआरने त्याचा जनुकीय अंश सापडतो, आणि डेंगूच्या बाबतीत एनएस-१ नावाचं त्याचं प्रथिन पहिल्या दिवसापासून रक्तात मिळतं. आयजीएम ही शरीराने त्याच्याविरुद्ध सुरुवातीला बनवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी). ती बनायला वेळ लागतो. डेंगूत चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती दिसायला लागतात आणि आठवडा उलटल्यावरच त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो. चिकुनगुन्यातही जवळजवळ तसंच. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह येणं यात नवल काहीच नाही. त्या दिवशी एनएस-१ आणि दोन्ही विषाणूंचं पीसीआर मागवलं असतं तर बहुधा दुसऱ्याच दिवशी उत्तर हातात आलं असतं. तुमच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सर्दी-खोकल्याचे रुग्ण बघणाऱ्या माणसासमोर असा रुग्ण वर्षातून एखादाच येतो. पण ‘व्हायरल आहे’ हे शब्द ऐकले की पुढे एक प्रश्न विचारायची सवय आपण सगळ्यांनी लावून घ्यायला हवी: कुठला व्हायरल? तो विचारला की प्रवासाचा विषय आपसूक निघतो.

पुण्यात हीच चूक उलट्या बाजूने होते. तिथे ताप येऊन दहा दिवस झाल्यावर लोक एनएस-१ करतात, ती निगेटिव्ह येते आणि ‘डेंगू नाही’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. तोवर ते प्रथिन रक्तातून गेलेलं असतं. त्या दिवशी आयजीएम करायला हवं होतं.

आयजीजी, म्हणजे नंतर बनणारी आणि वर्षानुवर्षं टिकणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आली त्याचं काय? ‘जुना डेंगू’ हा अर्थ शक्य आहे, पण एकमेव नाही. तीन शक्यता आहेत आणि तिन्ही तुमच्या घराला लागू पडतात.

पहिली तीच. तुमचे यजमान पुण्यात वाढलेत. २०१७-१८ मध्ये भारतात झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात ५ ते ४५ वर्षांच्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात डेंगूची जुनी खूण मिळाली होती. त्यातल्या कित्येकांना आपल्याला डेंगू झाला होता हे माहीतही नव्हतं. दुसरी शक्यता जास्त काळजीची. ज्याला पूर्वी एकदा डेंगू होऊन गेलाय त्याला दुसऱ्या प्रकारच्या डेंगूने गाठलं (डेंगूचे चार प्रकार आहेत), तर शरीर जुनी ओळख काढून आयजीजीच भराभर बनवतं, आयजीएम कमी किंवा उशिरा येतं. म्हणजे तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह हे चित्र चालू असलेल्या दुसऱ्या डेंगूचंही असू शकतं, आणि दुसरा डेंगूच अनेकदा जड जातो. अशा वेळी ‘आत्ता डेंगू नाही’ असं सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. डेंगूत धोक्याचे दिवस ताप चढलेला असताना नसतात. ताप उतरायला लागतो त्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ते येतात. घरच्यांना वाटतं माणूस सुधारला. नेमकं त्याच एक-दोन दिवसांत पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, विलक्षण मरगळ किंवा अस्वस्थता यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं असतं. तुमच्याकडे तसं काही झालं नाही, हे तुमचं नशीब.

तिसरी शक्यता फ्रायबुर्गमुळे येते. तुमच्या भागात गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस बरेच जण घेतात. तिकडे तिला एफएसएमईची लस म्हणतात. जंगलात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांना तर ती आवर्जून दिली जाते. तो विषाणू आणि डेंगू एकाच कुळातले. त्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडं डेंगूच्या आयजीजी तपासणीत पॉझिटिव्ह दिसू शकतात. यलो फीव्हरची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्यांचंही असंच होतं. तुमच्या यजमानांचं लसींचं पिवळं पुस्तक काढा आणि त्यात ही नोंद आहे का बघा. माझा अंदाज आहे की असेल.

म्हणजे तो आयजीजी पॉझिटिव्ह शब्द वाचून डेंगू झाला होता असंही म्हणू नका आणि झाला नव्हता असंही म्हणू नका.

आता करायचं काय ते सांगतो. या आठवड्यात रक्त द्या आणि त्यात चिकुनगुन्याचं आयजीएम आणि आयजीजी, शिवाय डेंगूचंही आयजीएम-आयजीजी पुन्हा मागवा. चिकुनगुन्याचा विषाणू वेगळ्या कुळातला आहे, त्याची प्रतिपिंडं डेंगू, झिका किंवा त्या गोचिडांच्या लसीत मिसळत नाहीत. त्यामुळे इथे उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. पाच आठवड्यांनी दोन्ही पॉझिटिव्ह आली तर सप्टेंबरचा ताप चिकुनगुन्याचाच होता असं मी धरेन. दोन्ही निगेटिव्ह आली तर तो नव्हता, आणि सांध्यांचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर थोडं थांबायचं: २००६ साली भारतभर चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली होती. यजमान तेव्हा पुण्यात असतील तर ती खूण तेव्हाचीही असू शकते.

आणखी एक विचारा: सप्टेंबरात काढलेल्या रक्तातलं उरलेलं सीरम त्या लॅबने ठेवलंय का? ठेवलं असेल तर जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून एकत्र तपासायला सांगा. जुन्यात नाही आणि नव्यात आहे, किंवा नव्यात कितीतरी पटींनी वाढलंय, याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. डेंगू आणि बाकीच्या भावंडांचा गुंता सुटलाच नाही तर रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणू प्रत्यक्ष निष्प्रभ होतो का हे बघणारी तपासणी असते. ती थोड्याच ठिकाणी होते. तुमच्या देशात हाम्बुर्गच्या बर्नहार्ड नोख्ट संस्थेत होते, आणि रक्त तिथे डॉक्टरांकडून पाठवता येतं. फ्रायबुर्गहून फार लांब नसलेल्या ट्युबिंगन आणि हायडेलबर्ग इथेही उष्ण कटिबंधातल्या आजारांचे तज्ज्ञ आहेत. फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, वर त्या तीन तारखा लिहून न्या आणि पुण्यात कुठे राहिले तेही लिहा.

नणंदेचं म्हणणंही त्या कागदावर येऊ द्या. ‘राहत होतो त्या सोसायटीत अनेकांना चिकुनगुन्या झाला आहे’ ही ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. माझ्या दृष्टीने ती अर्धी तपासणी आहे. फक्त नणंदेला एवढं विचारा की तिथल्या कुणाची आयजीएम किंवा पीसीआर तपासणी झाली होती का, की सांधे दुखले म्हणून सगळ्यांनी चिकुनगुन्या ठरवला. आपल्याकडे सरकारी केंद्रांवर आयजीएमसाठी वापरले जाणारे किट पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, बनतात आणि तिथून देशभर जातात. तसा एखादा रिपोर्ट मिळाला तर त्याचा फोटो मागवून घ्या. हेही लक्षात ठेवा की डेंगू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही पसरवणारा एडिस डास दोन विषाणू एकाच माणसाला देऊ शकतो. महाराष्ट्रातला पहिला झिका २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, त्या बाईंना चिकुनगुन्याही होता. म्हणूनच डेंगूची तपासणी पुन्हा करा म्हटलं.

सांध्यांबद्दल: चिकुनगुन्याच ठरला तर बहुतेक लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, काहींना जास्त काळ लागतो. गरम पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवणं, आखडू न देणं, याने खरंच फरक पडतो. दुखतं म्हणून हात गुंडाळून ठेवू नका. आता पाच आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने आयबुप्रोफेनसारखी गोळी चालेल. तापाच्या दिवसांत ती मी दिली नसती, कारण डेंगू नाही हे नक्की होईपर्यंत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळायची असतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल. जर्मनीत घरोघरी औषधांच्या डब्यात आयबुप्रोफेन सापडतं, म्हणून हे ठळक सांगावंसं वाटलं. तीन महिन्यांनीही सांधे सुजलेले असतील तर सांधेरोगतज्ज्ञांकडे जा. हा त्रास हुबेहूब आमवातासारखा दिसतो आणि पुण्याचा प्रवास कुणी विचारला नाही तर आमवाताची जड औषधं सुरू होण्याची भीती असते.

आता झिका. तुमची झोप उडाली आहे हे मी समजू शकतो, बाळाचा प्रश्न आहे: गरोदरपणात झिका झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यापासून झिकाचे रुग्ण मिळू लागले आणि वर्षअखेरपर्यंत शहरात शंभरावर गेले, त्यात गरोदर स्त्रियाही होत्या. म्हणजे भीती हवेतली नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. झिका बहुतेक वेळा सौम्य असतो: पुरळ, लाल डोळे, थोडा ताप. पाचातल्या चौघांना तर काहीच जाणवत नाही. ३९.५ ताप आणि ब्रश न धरवणारे हात ही त्याची नेहमीची चाल नाही. त्यामुळे यजमानांना झिका झाला असण्याची शक्यता कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि वीर्यात हा विषाणू रक्तापेक्षा बराच जास्त काळ राहतो, म्हणजे शरीरसंबंधातून तो तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

तपासणी करावी का? माझं उत्तर नाही असं आहे. रक्तात आणि लघवीत विषाणू शोधायचा काळ, साधारण दोन आठवडे, उलटून गेलाय. प्रतिपिंडांची तपासणी केली तर डेंगूचं किंवा त्या लसीचं आयजीजी असलेल्या माणसात ती गोंधळाचं उत्तर देईल. पॉझिटिव्ह आली तर तुम्ही विनाकारण महिनोन्महिने तळमळत राहाल आणि निगेटिव्ह आली तरी मी त्यावर विसंबून बाळाचा सल्ला देणार नाही. इथे तपासणीपेक्षा वाट बघणं जास्त खात्रीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पुरुषासाठी तीन महिन्यांचा आहे. ताप सुरू झाल्याच्या दिवसापासून तीन महिने कंडोम वापरा. तुमच्या बाबतीत ते डिसेंबरच्या उत्तरार्धात संपतात.

मधल्या काळात तुम्ही आधीच प्रयत्न सुरू केले असतील किंवा पाळी चुकली असेल, तर हे वाचून घाबरून बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना उद्याच फोन करा आणि नवऱ्याचा प्रवास व ताप दोन्ही सांगा. पुढची तपासणी आणि सोनोग्राफी त्या ठरवतील.

डिसेंबरच्या तिकिटाचा प्रश्न यातूनच सुटतो. तुम्ही दोघं डिसेंबरात पुण्याला गेलात तर परत आल्यावर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं: तुमच्यासाठी दोन महिने, त्यांच्यासाठी तीन. बाळासाठी मार्चअखेर किंवा एप्रिलपर्यंत थांबायची तयारी असेल तर खुशाल जा, आजी-आजोबा नातीची वाट बघत असतील. थांबायचं नसेल तर या वेळी सासू-सासऱ्यांनाच फ्रायबुर्गला बोलवा. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा पर्याय निवडला असता. पण हा निर्णय वयावर आणि घरातल्या चार गोष्टींवर असतो, तो तुम्हीच घ्या. आधीच दिवस राहिले असतील तर मात्र या वेळी पुण्याला जाऊ नका.

बाल्कनीबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. युरोपात वीस वर्षांपूर्वी कुणाला तो सुचलाही नसता. २००७ च्या जूनमध्ये केरळहून इटलीत आलेला एक माणूस नातेवाइकांना भेटायला एमिलिया-रोमान्या प्रांतातल्या कास्तिल्योने दी चेर्विया या खेड्यात गेला. तिथे त्याला ताप आला. गावात टायगर डास होता, म्हणजे आजारी माणसाला चावून चिकुनगुन्या दुसऱ्याला देणारा एडिसचाच एक प्रकार. काही दिवसांनी गावातल्या एका नातेवाइकाला ताप आला, मग शेजाऱ्यांना, मग नदीपलीकडच्या गावाला. सप्टेंबर संपेपर्यंत दोनशेहून जास्त माणसं चिकुनगुन्याने आजारी पडली होती आणि एका वृद्धाचा मृत्यू झाला. त्यातल्या कुणीही भारत बघितला नव्हता. युरोपातली चिकुनगुन्याची ती पहिली साथ. स्थानिक डॉक्टरांना सुरुवातीचे कित्येक आठवडे हा कसला ताप आहे ते उमगलं नव्हतं.

तोच टायगर डास आता तुमच्या फ्रायबुर्गमध्ये ठाण मांडून आहे. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनच्या पलीकडे, स्ट्रासबुर्गच्या आसपास, कुठेही परदेशी न गेलेल्या लोकांना चिकुनगुन्या झाला. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला डासांपासून दूर ठेवायचं असतं, स्वतःच्या घरातल्या माणसांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी: खिडकीला जाळी, लांब बाह्या, अंगाला डास पळवणारं मलम, आणि संध्याकाळी बाल्कनी नको. हा डास दिवसा आणि संध्याकाळी चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही.

मुलीच्या बाबतीत आता निश्चिंत राहा. बाल्कनीतल्या त्या संध्याकाळींनंतर पाच आठवडे गेलेत, तिला काही झालेलं नाही, आणि ऑक्टोबरअखेर तुमच्याकडे थंडीने डास गळून पडतात. फक्त एवढं आठवून बघा: सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये इमारतीत किंवा शेजारी कुणाला प्रवास न करता ताप आणि सांधेदुखी झाली होती का? झाली असेल तर डॉक्टरांना सांगा.

‘आता बरा झालाय, कशाला तपासणी?’ असं यजमान म्हणतील. त्यांना सांगा की जर्मनीत चिकुनगुन्याचा पक्का रिपोर्ट लॅबला आरोग्य खात्याला कळवावाच लागतो. एक माणूस पकडला गेला की त्या गल्लीतले डासांचे अड्डे बघता येतात. कधी कधी परत आलेला प्रवासी तो गेला होता त्या देशालाही जागं करतो. २०१३ साली जपानहून परतलेल्या एका जर्मन पर्यटकाच्या रक्तात बर्लिनमध्ये डेंगू सापडला. जपानमध्ये सत्तरएक वर्षं स्थानिक डेंगू नव्हता, त्यामुळे अनेकांना ते खरंच वाटेना. पुढच्याच वर्षी टोकियोच्या योयोगी पार्कपासून साथ सुरू झाली आणि दीडशेहून जास्त लोकांना डेंगू झाला. बर्लिनमधल्या त्या एका रिपोर्टने ते वर्षभर आधी दाखवलं होतं. तुमच्या यजमानांची नोंदही कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

नक्की निदानाचा घरालाही थेट फायदा आहे. चिकुनगुन्या एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, ती एक काळजी कमी. डेंगूच्या लसीचं उलट आहे. तुमच्याकडची लसीकरण समिती प्रवाशांना ती लस पूर्वी डेंगू झाल्याची खात्री असेल तरच सुचवते. गोचिडांच्या लसीमुळे आलेल्या आयजीजीवर विसंबून ‘याला डेंगू झाला होता’ म्हणत कुणी ती देऊ नये, म्हणूनही तो गुंता सोडवून घ्या. मुलीला डेंगू झालेला नाही, तिला ती लस सध्या नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पपईच्या पानांच्या रसाची आता गरज नाही, प्लेटलेट्स तेव्हाही धोक्याच्या पातळीला नव्हत्या आणि आता तर ताप जाऊन महिना उलटलाय. नुसता आकडा खाली आला म्हणून तो रसाने किंवा प्लेटलेट्सची पिशवी चढवून वर आणायचा नसतो. डेंगूत पाणी, क्षार आणि वेळेवर ओळखलेली धोक्याची चिन्हं जीव वाचवतात. त्यांना काही करायचंच असेल तर घरातल्या कुंड्यांखालच्या बशा, कूलर, गच्चीवरचे डबे दर आठवड्याला रिकामे करून घासायला सांगा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

आणि तिघं गेलातच, तर परतल्यावर दोन आठवड्यांत कुणालाही ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून असं सांगा: ‘आम्ही अमुक तारखेला पुण्याहून आलो, ताप आज सुरू झालाय, मलेरियाची तपासणी, डेंगूचं एनएस-१ आणि डेंगू, चिकुनगुन्या, झिकाचं पीसीआर करायला हवं का?’ हे वाक्य जर्मनमध्ये लिहून दोघांच्या मोबाइलमध्ये आत्ताच ठेवा, ३९.५ तापात ते आठवणार नाही.

रिपोर्ट आला की जुन्या रिपोर्टसोबत, रक्त काढल्याच्या दोन्ही तारखांसह मला पाठवा.